चार दिवस मैत्रिणींसोबत गोधड्या शिवायला गेले, तर काही चुकलं का?

निवृत्त झालेल्या बायका माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो. 'घरात सगळं ठीक आहे, पैशाची अडचण नाही, मैत्रिणी बोलावतात. मग जायचं म्हटलं की मन का खातं?'

सोलापुरातल्याच एका ताईंचा अनुभव सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून ५८व्या वर्षी निवृत्त झालेल्या. डी.एड.पासूनच्या मैत्रिणींनी बेत आखला होता: गड्ड्याची जत्रा आटोपली की अक्कलकोट रस्त्याला एकीच्या शेतातल्या घरी चार दिवस राहायचं आणि मिळून गोधड्या शिवायच्या. ताईंना मनापासून जायचं होतं. पण माझ्यासमोर बसून त्या नुसती कारणं देत होत्या. नातवाला गोधडी हवीय, आईची लुगडी कपाटात पडून आहेत, लेकीच्या सासरी एक द्यायचीय.

मी विचारलं, "यातलं काहीच नसतं, तर गेला नसता?"

बराच वेळ गप्प बसून म्हणाल्या, "मग कशाला जायचं ओ?"

गाठ इथे होती. शाळा, मुलं, सासूबाईंचं आजारपण. कुणाच्या तरी उपयोगी पडलं तरच दिवस सत्कारणी लागला, हे इतकं अंगवळणी पडलेलं की स्वतःच्या आनंदालाही कारणाचा दाखला जोडावा लागायचा. मी म्हटलं, गोधडी नातवाला जरूर द्या, पण घरी सांगताना 'मला जायचंय' एवढंच सांगा. हे दोन शब्द त्यांना माझ्यासमोरसुद्धा पटकन उच्चारता येईनात.

यजमान म्हणाले होते, "सोलापुरात राहून पांघरायला चादर मिळेना झालीय का?" पुढच्या वेळी मी त्यांनाही बोलावलं. जेवणाची त्यांना काळजी नव्हतीच, डबा लावणार होते. थोडं थांबून म्हणाले, "संध्याकाळी घर खायला उठतं." हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं याचं मला फार बरं वाटलं. त्यांचा एकटेपणा खराच होता, पण ताईंनी जाणं रद्द करणं हा त्यावरचा उपाय नव्हे. संध्याकाळी जुन्या सहकाऱ्याबरोबर सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला जायचं आणि रात्री नऊला एकच फोन करायचा, असं त्या दोघांनी ठरवलं. निघायच्या आधी चार दिवसांचा स्वयंपाक करून फ्रीज भरायचा नाही, एवढा आग्रह मात्र मी धरला.

परत आल्यावर ताई भरभरून बोलल्या. खाली मऊ सुती लुगडं, त्यावर जुन्या कपड्यांचे थर, वर जोडलेले रंगीत तुकडे. आधी मोठे कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे, मग कडेपासून धावदोऱ्याने आत आत यायचं. चौघी चार बाजूंना. एकीचा हात फार पुढे गेला की कापडाला झोळ पडतो, मग तिने शेजारणीसाठी थांबायचं. स्वयंपाकात कुणी अडकू नये म्हणून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आधीच आणून ठेवलेली. पाचवी मैत्रीण गुडघ्यांमुळे खुर्चीतच बसून होती. तिने चार दिवसांत एकही टाका घातला नाही, फक्त गप्पा मारल्या.

"पण ती नसती तर मजाच गेली असती," ताई म्हणाल्या आणि बोलता बोलता थांबल्या. आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

अशी हुरहुर असणाऱ्या सगळ्यांनाच मी 'बिनधास्त जा' म्हणत नाही. घरी अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल, तर मनाची टोचणी सोय करायला सांगत असते; आधी माणूस ठरवा, औषधांच्या वेळा लिहून द्या. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर सहलीची वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेशी १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

बाकीच्यांसाठी एवढंच, की मन खायचं थांबेल आणि मग जाईन, असं म्हणत बसू नका. ते बरोबरच येतं. ताईंनाही पहिल्या संध्याकाळी बॅग भरून परतावंसं वाटलं होतं. तसं वाटलं तर दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत थांबा आणि मग ठरवा. गुडघे दुखत असतील तर खुर्ची मागून घ्या, शिवण उजेडातच करा, मधुमेह असेल तर बोटात अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी) घाला. आणि तारीख घरी पंधरा दिवस आधी सांगा, विचारू नका.