राजवाड्यातील श्रेणी

प्रश्न : चिनी राजवाड्यांवरील मालिकांत खालच्या दर्जाची उपपत्नी कारस्थाने करीत थेट सत्तेपर्यंत पोहोचते. असे खरोखर घडले होते का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : घडले, पण क्वचितच. छिंग या चीनच्या शेवटच्या राजघराण्यात सम्राज्ञीखाली उपपत्नींच्या सात श्रेणी होत्या आणि वरच्या चार श्रेणींत अनुक्रमे एक, दोन, चार व सहा स्त्रियांचीच मर्यादा होती. १८५२ मध्ये खालच्या श्रेणीत आलेली त्सिशी १८५६ मध्ये पुत्र झाल्यावर वर चढली. पती हयात असेपर्यंत ती सम्राज्ञी झाली नाही, मात्र १८६१ मध्ये तो वारल्यावर अल्पवयीन मुलाच्या नावे, थोरल्या राणीसह, तिने पडद्याआडून कारभार पाहिला.

खरा अपवाद त्याआधीच्या तांग राजघराण्याच्या काळातील वू झेत्यानचा. सम्राट थायझोंगची ही कनिष्ठ उपपत्नी त्याच्या निधनानंतर मठात गेली. त्याचाच मुलगा गाओझोंग याने तिला परत आणले, ६५५ मध्ये ती सम्राज्ञी झाली आणि ६९० मध्ये स्वतःच सिंहासनावर बसली. स्वतःच्या तान्ह्या मुलीला तिनेच मारल्याची, कथालेखकांना प्रिय असलेली हकिगत प्रतिकूल मताच्या इतिहासकारांनी पुढे नोंदवली आहे; ती जशीच्या तशी स्वीकारणे मला तरी जड जाते.