जोहान्सबर्गला बदली झाली, जाऊ की नको?

प्रश्न : ताई, माझ्या नवऱ्याची जोहान्सबर्गला बदली झाली आहे. तो पुढच्या महिन्यात जाईल. मी आणि सहा वर्षांची मुलगी जानेवारीत, तिथली शाळा सुरू होताना जाणार, असं ठरलं होतं. पण सासूबाईंनी मोबाइलवर तिथले दरोड्यांचे व्हिडिओ पाहिले आणि आता त्या म्हणतात, त्याला एकट्यालाच जाऊ दे. कंपनीनं दोन घरं सुचवली आहेत. एक संकुलातला फ्लॅट आणि दुसरा जवळपास तेवढ्याच भाड्यात बागेचा, पोहण्याच्या तलावाचा बंगला. मला बंगला फार आवडलाय. तुम्ही तिथे बरीच वर्षं राहिलात. खरं सांगा, कितपत घाबरायचं?
— एक वाचक

उत्तर : सासूबाईंची भीती अगदीच निराधार नाही. 2022-23 या एका वर्षात दक्षिण आफ्रिकेत 27 हजारांहून जास्त खून नोंदले गेले आणि देशाची लोकसंख्या आहे सहा कोटींच्या आसपास. पण हे खून देशभर सारखे होत नाहीत. केपटाऊनच्या कडेचं न्यांगा, डेल्फ्ट, खायेलित्शा, डर्बनजवळचं इनांडा, उम्लाझी ही नावं पोलिसांच्या यादीत वर्षानुवर्षं वरच असतात. त्या गरीब वस्त्या आहेत आणि बळी जातात ते बहुतेक तिथलेच तरुण. त्यांचे व्हिडिओ सहसा कुणी फॉरवर्ड करत नाही. बाहेरून नोकरीला आलेली माणसं जोहान्सबर्गच्या सँडटन, फोरवेज, मिडरँड अशा भागांत राहतात. तिथे धोका असतो तो गाडी हिसकावली जाण्याचा, घरात शिरून लुटण्याचा आणि फोन जाण्याचा.

तेव्हा जा, आणि तिघंही जा. पण बंगला विसरा.

मला माहितीये, वाईट वाटेल. जोहान्सबर्गच्या बागा खरंच देखण्या असतात, ऑक्टोबरात जॅकरांडा फुलला की बघत राहावं. पण स्वतंत्र बंगल्यात भिंत, तिच्यावरच्या विजेच्या तारा, अलार्म, फाटकाची मोटर, सगळं तुमच्या गळ्यात. नवरा कामासाठी चार दिवस डर्बनला गेला की रात्री कुत्रं भुंकलं तरी उठून बघायचं तुम्हीच. 2022 आणि 2023 मध्ये तिथे दिवसातून कित्येक तास वीज जायची. लागोपाठ वीज गेली की तारांच्या कुंपणाची बॅटरी पुरी चार्ज होत नाही आणि नेमकं त्याच वेळी कुंपण निकामी होतं. संकुलात याची काळजी सगळे मिळून करतात. गेटवर चोवीस तास पहारेकरी असतो आणि पाहुण्याला कोड दिल्याशिवाय सोडत नाहीत. निदान सोडू नये. फ्लॅट बघायला नवरा जाईल तेव्हा त्याला म्हणावं, गेटवर पाच मिनिटं नुसता उभा राहा आणि पहारेकरी कोड खरंच तपासतो की हात हलवून गाड्या आत घेतो, ते बघ. झोपायच्या खोल्यांकडे जाणाऱ्या बोळात लोखंडी सरकती जाळी आहे का, तेही बघायला सांगा. रात्री ती कुलूप लावून बंद करायची.

प्रत्येक भिंतीवर कुठल्या तरी सिक्युरिटी कंपनीची पाटी दिसेल. बटण दाबलं की त्यांची शस्त्रधारी माणसं येतात, बहुतेक वेळा पोलिसांच्या आधी. किती मिनिटांत येतात हे कंपनीच्या विक्रेत्याला विचारू नका, शेजारणीला विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं : स्वतःचं फाटक. तिथे गाड्या जातात त्यातल्या कितीतरी घराच्या दारात जातात. माणूस दमून येतो, गाडीचं नाक फाटकाला लावतो आणि ते सरकायची वाट बघत फोन काढतो. तेवढ्यात मागे दुसरी गाडी येऊन उभी राहते. पुढे फाटक, मागे ती, निघायला वाट नाही. म्हणून आधीच्या वळणापासून आरशात बघत यायचं. कुणी मागे आहे असं वाटलं तर घर ओलांडून सरळ पुढे जायचं. कुणी नसेल तर गाडी रस्त्यालाच समांतर थांबवायची, फाटक पूर्ण उघडलं की आत वळायचं आणि ते मागे बंद होईपर्यंत गाडीतून उतरायचं नाही. माझी शेजारीण फाटक सरकत असताना एक अक्षर बोलायची नाही आणि मागे बसलेल्या मुलांनाही बोलू द्यायची नाही. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे माझ्याही गाडीत तोच नियम झाला.

रोबोटवर, म्हणजे सिग्नलवर, पर्स मांडीवर किंवा शेजारच्या सीटवर नको, डिकीत टाका. काच फोडून हात घालायला क्षणभर पुरतो. काचांना आतून फिल्म लावून घ्या, काच फुटली तरी लगेच गळून पडत नाही. मॉलच्या पार्किंगमध्ये रिमोट दाबून चालू पडू नका, दाराची मूठ ओढून बघा. रिमोटचा सिग्नल अडवणारी यंत्रं चोरांकडे असतात. निळा दिवा लावलेली गाडी थांबायची खूण करतेय आणि तुम्हाला ती खरी वाटत नाही, तर धोक्याचे दिवे लावून, ताशी 40 किलोमीटरच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यापर्यंत गाडी नेता येते. तिथल्या सरकारी यंत्रणांचाच हा सल्ला आहे.

जोहान्सबर्गच्या ओ. आर. टाम्बो विमानतळावरून घरापर्यंत पाठलाग होण्याचे प्रकार होतात. परकीय चलन विमानतळावर भरभरून बदलू नका. नवरा घ्यायला येणार नसेल तर कंपनीचीच गाडी मागा.

आणि सोनं नेऊ नका. भारतीय घरात सोनं असतं हे तिथल्या चोरांना पक्कं ठाऊक आहे. मंगळसूत्राच्या जागी काळ्या मण्यांची साधी पोत घाला. सासूबाईंना हे पटणं फाटकापेक्षा अवघड जाईल, म्हणून हे काम नवऱ्याकडे द्या. बँकेच्या ॲपची रोजची मर्यादा कमी ठेवा, कारण फोनबरोबर पासवर्डही पिस्तूल दाखवून घेतात.

एवढं अंगवळणी पडलं की उरलेला दिवस मोकळा. मी अशीही कुटुंबं पाहिली जी मॉल आणि घर सोडून तीन वर्षांत कुठे गेली नाहीत. त्यांनी भारतीय दुकानांचं फोर्ड्सबर्ग पाहिलं नाही, डेल्टा पार्कमध्ये रविवारची गर्दी पाहिली नाही, आणि धोका मात्र तेवढाच राहिला, कारण फाटकातून तीही रोज येत-जात होतीच.

प्रश्न : मुलगा केपटाऊन विद्यापीठात शिकायला चालला आहे. भाऊ म्हणतो, त्यानं तिथे पिस्तुलाचा परवाना काढावा. योग्य आहे का?
— एक वडील

उत्तर : नाही, आणि मिळणारही नाही. परवाना नागरिकाला किंवा कायम निवासाचा हक्क असलेल्याला मिळतो, विद्यार्थ्याला नाही. चाकू दाखवला तर फोन देऊन टाकायचा, मान खाली, हात दिसतील असे. हुज्जत नाही, पाठलाग तर नाहीच. संध्याकाळनंतर विद्यापीठाच्या शटल बसनं फिरावं. टेबल माउंटनच्या पायवाटांवर एकट्यानं जाऊ नये, भर दिवसासुद्धा. चार-पाच जणांत जावं. पोलिसांचा नंबर 10111, मोबाइलवरून 112. चोरी झालीच तर तक्रार नोंदवून केस नंबर घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये, विमा कंपनी आधी तोच मागते.