जुन्या पिकअपचे ॲव्हरेज वाढवण्यासाठी गाडीत कोणते बदल करावेत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपल्याकडे १९८०च्या दशकातली, कार्ब्युरेटरची (म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भागाची), पाच गिअरची पेट्रोल पिकअप आहे. तिची बहुतेक धाव महामार्गावर ताशी ९० किलोमीटरच्या आसपास होते, हौदा बऱ्याचदा रिकामा असतो आणि गाडी लिटरमागे जेमतेम ७ किलोमीटर देते. हे ॲव्हरेज वाढवण्यासाठी नेमके काय बदलावे आणि त्यासाठी नवे इंजिनच बसवावे का, असे आपण विचारले आहे. याच पिढीची एक पिकअप मी गेली बारा वर्षे वापरतो आहे आणि तिच्यावर पुष्कळ प्रयोग करून झाले आहेत. त्यांतले काही साफ फसले, तेही इथे सांगतो.

आधी एक हिशेब मांडतो, म्हणजे हा खटाटोप करण्यासारखा आहे की नाही ते कळेल. लिटरमागे ७ किलोमीटरचे ८ झाले, तर दर १०० किलोमीटरला सुमारे १.८ लिटर पेट्रोल वाचते. १५ देणारी गाडी १६ देऊ लागली, तर त्याच अंतरात वाचतात अवघे ०.४ लिटर. म्हणजे आपल्या गाडीसारख्या खादाड गाडीत एका किलोमीटरची वाढ ही लहान मोटारीतल्या तेवढ्याच वाढीच्या चौपटीहून जास्त मोलाची असते.

आता हे पेट्रोल जाते कुठे ते पाहू. सुमारे १,८०० किलो वजनाच्या, चौकोनी चेहऱ्याच्या पिकअपला सपाट रस्त्यावर टायरांचा विरोध साधारण २१० न्यूटन (न्यूटन हे बलाचे एकक) असतो आणि तो वेगाबरोबर फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरला तो २२० न्यूटनच्या घरात, म्हणजे टायरांच्या बरोबरीचा असतो, ९० ला तो ४९० पर्यंत चढतो आणि ११० ला ७४० च्या जवळ पोचतो. हे आकडे गाडीगाडीनुसार थोडे इकडेतिकडे होतील, पण त्यांचे आपसातले नाते बदलत नाही. आपली धाव महामार्गावरची असल्यामुळे आपला मुख्य प्रतिस्पर्धी हवा आहे, आणि वेग ९० वरून ८० वर आणला तर एक पाना न फिरवता हवेचा विरोध पाचव्या हिश्शाने कमी होतो. याला कोणी फेरबदल म्हणणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण याच्या तोडीचा फायदा देणारा एकही सुटा भाग मला आजवर मिळालेला नाही.

तरीही हवेकडे वळण्यापूर्वी गाडीने वयोमानाने जे गमावले आहे ते परत मिळवावे, असे माझे ठाम मत आहे. नवे काही बसवून मिळणारा फायदा आणि जुन्या बिघाडामुळे होणारा तोटा एकत्र मिसळले, की कशाने काय झाले ते कधीच कळत नाही. यासाठी एक बिनखर्चाची चाचणी आहे. वारा पडलेला असताना, सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी ८० च्या थोडी वर न्यावी, न्यूट्रलमध्ये टाकावी आणि वेग ८० वरून ६० वर येण्यास किती सेकंद लागतात ते सोबत बसलेल्या माणसाने मोजावे. मग त्याच पट्ट्यात उलट दिशेने तसेच करावे आणि दोन्हींची सरासरी घ्यावी. वर दिलेल्या आकड्यांच्या गाडीला साधारण २० सेकंद लागायला हवेत. माझ्या गाडीला १६ लागत होते. कारण शोधण्यासाठी अर्धा तास चालवून, शक्य तितके ब्रेक न लावता थांबलो आणि चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात नेऊन पाहिला. तीन चाके कोमट होती, मागच्या डाव्या चाकाजवळ मात्र हात ठेववत नव्हता. हँडब्रेकची केबल आतून गंजून अडकली होती आणि लायनर ड्रमला कायम घासत होते. केबल बदलल्यावर वेळ १९ सेकंदांवर आली. म्हणजे कित्येक महिने मी ब्रेक अर्धवट ओढून गाडी चालवत होतो आणि दोष मात्र कार्ब्युरेटरला देत होतो.

दुसरी जागा डिस्ट्रिब्यूटरची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला पाळीपाळीने ठिणगीची वीज पोचवणाऱ्या भागाची. त्याच्या बाजूला पत्र्याची एक चपटी डबी असते आणि तिच्याकडे कार्ब्युरेटरपासून एक बारीक रबरी नळी येते. हे व्हॅक्यूम ॲडव्हान्स. गाडी एका लयीत, हलक्या पायाने चालत असते तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरते आणि विरळ मिश्रणात ज्योत सावकाश पसरते, म्हणून ठिणगी नेहमीपेक्षा बरीच आधी पडावी लागते. ते काम ही डबी करते. तिच्यातला पडदा फाटला, की महामार्गावरच्या नेमक्या त्या स्थितीत ठिणगी उशिरा पडत राहते आणि पेट्रोलची पुष्कळशी उष्णता सायलेन्सरवाटे निघून जाते. गंमत अशी, की पॅडल दाबून जोर लावताना या डबीचे काम तसेही थांबलेले असते, त्यामुळे गाडीची ताकद कमी झाल्याचे जाणवत नाही आणि हा बिघाड वर्षानुवर्षे लपून राहतो. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद असताना डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढावे, नळीचे कार्ब्युरेटरकडचे टोक सोडवून पुसावे आणि तोंडाने हवा ओढावी. आतली पट्टी सरकली आणि जिभेने टोक दाबून धरल्यावर तशीच राहिली, तर पडदा शाबूत आहे. नुसतीच हवा येत राहिली, तर डबी बदलावी. माझ्या अनुभवात कार्ब्युरेटरच्या गाड्यांवर इतक्या थोड्या श्रमात इतका फायदा देणारे दुसरे काम नाही.

बाकीची तपासणी नेहमीची आहे. चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा अडवून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी झडप) पूर्ण उघडतो ना, हे इंजिन गरम असताना पाहावे. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी रोखणारी झडप) उघडाच अडकून राहिला असेल, तर इंजिन पुरते तापत नाही आणि त्याचे घर्षण वाढते, शिवाय स्वयंचलित चोक असेल तर तोही अर्धवट लागून राहतो. एअर फिल्टर तुंबला, तर कार्ब्युरेटरच्या इंजिनात मिश्रण खरोखरच घट्ट होते, म्हणजे त्यात पेट्रोलचे प्रमाण वाढते (इंजेक्शनच्या गाड्यांत तसे सहसा होत नाही, कारण तिथे हवा मोजूनच पेट्रोल सोडले जाते). प्लग काढून टोकाचा रंग पाहावा : फिकट तपकिरी असेल तर ठीक, काळी काजळी असेल तर मिश्रण घट्ट आहे. जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) लहान करून पेट्रोल वाचवण्याचा मोह मात्र टाळावा. मी तो केला होता. गाडी चढावर अडखळू लागली, मी पॅडल जास्त दाबू लागलो आणि प्लगची टोके पांढरी पडू लागली. महिन्याभराने जुना जेट गुपचूप परत बसवला.

आता हवेकडे येतो. पिकअपच्या बाबतीत सर्वांत रूढ समज असा आहे, की हौद्याचा मागचा फाळका (उघडझाप होणारी मागची फळी) उघडा ठेवला किंवा काढून टाकला तर हवा अडत नाही आणि पेट्रोल वाचते. दिसायला हे अगदी पटण्यासारखे आहे आणि मीही दोन महिने फाळका काढून गाडी चालवली, पण ॲव्हरेज वाढले नाही, उलट किंचित घटले. याचे कारण असे, की फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा फिरत राहतो आणि टपावरून येणारी हवा त्या भोवऱ्याच्या पाठीवरून पुढे निघून जाते. फाळका काढला, की तो भोवरा मोडतो आणि केबिनच्या मागे हवेची ओढ वाढते. म्हणून फाळका बंदच ठेवावा. हौद्यावर घट्ट ताणलेले सपाट आच्छादन टाकले तर थोडा फायदा होतो, मात्र ते फडफडता कामा नये. सैल ताडपत्री ही आच्छादन नसल्यापेक्षाही वाईट.

खरा फायदा उतरत्या टपाने होतो. केबिनच्या टपाच्या पातळीपासून सुरू होऊन फाळक्याकडे हळूहळू उतरत जाणारे झाकण बसवले, तर हवा त्याला चिकटून खाली येते आणि गाडीमागची पोकळी लहान होते. उतार १० ते १२ अंशांपेक्षा जास्त नसावा, कारण त्याहून तीव्र उतारावर हवा पृष्ठभाग सोडून देते आणि सगळी मेहनत वाया जाते. १.८ मीटर लांबीच्या हौद्यावर १२ अंशांचा उतार ३८ सेंटिमीटर खाली येतो. टप हौद्याच्या कडेपासून याहून उंच असेल, तर झाकणाचे शेवटचे टोक फाळक्याच्या वर उभे राहील. ते तसेच उभे कापलेले ठेवावे, ओढूनताणून फाळक्याला टेकवू नये. माझे झाकण प्लायवूड आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे आहे, दिसायला ते कोंबड्यांच्या खुराड्यासारखे आहे, आणि त्याने मला महामार्गावर लिटरमागे पाऊण किलोमीटर मिळवून दिला.

पुढच्या बाजूला बंपरखाली जाड रबराची आडवी पट्टी लावावी. पिकअपच्या पोटाखाली ॲक्सल, सायलेन्सर आणि चॅसिसच्या आडव्या पट्ट्या असा सगळा उघडा पसारा असतो आणि त्यात शिरलेली हवा प्रत्येक ठिकाणी अडकते. ही रबरी पट्टी तिला बाजूला वळवते. पट्टी इंजिनच्या ऑइल चेंबरच्या तळाइतकी खाली असली की पुरे, कारण त्याहून खाली नेल्यास ती स्वतःच हवेला अडवू लागते. कोपऱ्यांचे महत्त्वही कमी लेखू नये. १९७०च्या दशकात नासाच्या ड्रायडन केंद्रातल्या अभियंत्यांनी एका व्हॅनला पत्रे लावून तिचे चक्क खोके केले आणि मग तिचे पुढचे कोपरे व कडा गोल केल्या. तेवढ्याने हवेचा विरोध सुमारे निम्म्यावर आला, आणि तो मोजण्यासाठी त्यांनी वर सांगितल्यासारखीच, गाडी मोकळी सोडण्याची चाचणी वापरली होती. आपण काही गाडीचे कोपरे घासणार नाही, पण टपावरचे रिकामे कॅरिअर तर आजच काढता येईल. रेडिएटरपुढची जाळी अंशतः झाकण्याचाही उपाय आहे. तो थंड हवेतच आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवूनच करावा, आणि ओझे ओढताना मुळीच करू नये.

गिअरिंग हा तिसरा आणि सर्वांत खर्चिक भाग. जुन्या पिकअप ओझ्यासाठी बनवलेल्या असल्यामुळे त्यांच्या डिफरन्शियलचे (मागच्या ॲक्सलवरच्या, चाकांना फिरवणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीचे) गुणोत्तर मोठे असते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनला जास्त फेरे घ्यावे लागतात. समजा ते ४.१० आहे, पाचव्या गिअरचे ०.८५ आहे आणि टायरचा परीघ २.१ मीटर आहे. ताशी ९० ला इंजिन मिनिटाला सुमारे २,४९० फेरे घेईल. डिफरन्शियल ३.५५ चे बसवले तर तेच फेरे २,१५५ होतील. फेऱ्यांत १३ टक्क्यांची घट होत असली, तरी पेट्रोलमधली बचत त्याहून बरीच कमी असते, कारण रस्त्यावरचे काम तेवढेच राहते आणि फक्त इंजिनचे आतले घर्षण व अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढण्याचा त्रास कमी होतो. त्या बदल्यात चढावर भरलेली गाडी लवकर गिअर मागू लागते. म्हणून हौदा बहुतेक वेळा रिकामा असेल तरच हे करावे, आणि भंगारातल्या त्याच बनावटीच्या गाडीचा अख्खा ॲक्सल मिळाला तरच ते परवडते.

इथे मी स्वतः फसलो ती जागा सांगतो. डिफरन्शियल बदलल्यावर माझ्या गाडीचे ॲव्हरेज वाढण्याऐवजी घटलेले दिसू लागले आणि दोन टाक्या संपेपर्यंत मी हळहळत होतो. मग एकदा रस्त्यालगतचे किलोमीटरचे दगड मोजत गेलो, तेव्हा लक्षात आले की दहा दगड ओलांडल्यावरही मीटर पावणेनऊपर्यंतही पोचत नाही. या गाड्यांत मीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून निघते, आणि गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणारा मधला शाफ्ट आता दर किलोमीटरला कमी फिरत होता. मोठ्या व्यासाचे टायर लावल्यावरही असेच होते. म्हणून असा बदल केल्यास मीटरचा पिनियन (केबल फिरवणारे छोटे दातेरी चाक) बदलावा, निदान हिशेबात तेवढी दुरुस्ती करावी. मोजणी नेहमी टाकी भरून ते पुन्हा टाकी भरेपर्यंतची असावी, त्याच पंपावर आणि पहिल्या कट-ऑफला (नळी आपोआप बंद होते तेव्हा) थांबून, आणि एका टाकीवर विश्वास न ठेवता तीन टाक्यांची सरासरी घ्यावी.

टायरांविषयी थोडक्यात : हवेचा दाब गाडीच्या पाटीवर दिलेल्या आकड्याइतका ठेवावा आणि जाड खाचांचे, चिखलाचे टायर महामार्गासाठी वापरू नयेत. हौद्यात कायम पडून असलेले साखळदंड, जादा जॅक आणि वाळूची पोती उतरवावीत. ४५ किलो वजनामागे साधारण एक टक्का पेट्रोल जाते. रेडिएटरच्या पंख्याचा क्लच (गरज नसताना पंख्याचा वेग कमी करणारा जोड) जाम झाला असेल, तर वेग वाढताच पंख्याचा घोंघाट ऐकू येतो. तो ऐकू आल्यास क्लच बदलावा. पेट्रोलच्या नळीला लावायची चुंबके, हवेला पीळ देणाऱ्या चकत्या आणि पाण्यापासून वायू बनवणाऱ्या बाटल्या यांवर खर्च करू नये. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली आणि त्यांतल्या मोजक्याच साधनांनी अगदी किरकोळ फरक पडला.

राहिला इंजिनचा प्रश्न. आपल्या इंजिनाचे कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण दाबतो तेव्हा तयार होणारा दाब) सगळ्या सिलिंडरांत जवळपास सारखे आणि पुरेसे असेल, तर ते बदलू नये. चांगल्या इंजिनावर खर्च करूनही ती चौकोनी पेटी हवेतून ओढायला लागणारा जोर तेवढाच राहतो, आणि माउंटिंग, वायरिंग, सायलेन्सर व कागदपत्रांच्या भानगडीत जे जाते ते पेट्रोलमधून भरून निघायला वर्षे लागतात. कॉम्प्रेशन एखाद्या सिलिंडरात ढासळले असेल, तर तसेही इंजिन उघडावेच लागणार आहे. तेव्हा मूळ इंजिनच दुरुस्त करून घ्यावे आणि त्याच सुमारास डिफरन्शियलचा विचार करावा. उतरत्या टपाचे झाकण मात्र हौदा महिन्यातून किती दिवस मालाने भरता यावर ठरवा. माझे झाकण चार बोल्टांवर सुटते, पण ते उतरवायला दोन माणसे लागतात.