'आत्मकरुणा' म्हणावं की 'स्वतःला सांभाळून घेणं'?

कोथरूडमध्ये समुपदेशन करणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे, 'सेल्फ-कम्पॅशन'ला बोलताना मराठीत काय म्हणावं? त्या आजवर 'आत्मकरुणा' म्हणत आल्या. परवा बँकेतल्या एका अधिकाऱ्यानं, म्हणजे त्यांच्या क्लायंटनं, ते ऐकून पटकन म्हटलं, "म्हणजे स्वतःची कीव करायची? ते मला नाही जमायचं."

त्या गृहस्थांचं काही चुकलेलं नाही, शब्दच त्यांना तिकडे घेऊन गेला. पाली भाषेतल्या बौद्ध ग्रंथांत करुणा म्हणजे दुसऱ्याचं दुःख दूर व्हावं ही तळमळ. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार ब्रह्मविहारांतली, म्हणजे मनात जोपासायच्या चार भावांतली, ती दुसरी. मराठीत मात्र आपण 'करुणा भाकतो', म्हणजे गयावया करतो, आणि 'करुण' म्हटलं की केविलवाणा चेहरा डोळ्यांपुढे येतो. (चौघींतल्या उपेक्षेचं तर याहून वाईट झालं. तिथे ती समचित्तता, इथे हेळसांड.) 'अनुकंपा' अर्थानं जवळची, पण ती सरकारी कचेरीत अडकली. घरातला नोकरदार गेल्यावर वारसाला मिळते ती 'अनुकंपा तत्त्वावरची' नोकरी, हाच अर्थ लोकांना आधी आठवतो. 'दया' म्हटलं की करणारा वर आणि घेणारा खाली.

मग मूळ कल्पनेकडेच जाऊ. टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली मानसशास्त्रात तिची मांडणी केली. स्वतःशी मायेनं वागणं, चुका आणि दुःखं सगळ्यांच्याच वाट्याला येतात याचं भान ठेवणं, आणि मनात जे चाललंय ते न दडपता, न फुगवता पाहणं, असे तिचे तीन भाग. कीव करणारा आपल्याच दुःखात बुडतो, इतरांचं त्याला दिसेनासं होतं. नेफ यांनी हा फरक मुद्दाम सांगितला आहे.

दुसऱ्या भागासाठी 'घरोघरी मातीच्या चुली' आपल्याकडे तयार आहे. पण जपून वापरावी. समोरच्यानं नुकतं मन मोकळं केलं असताना ती म्हटली, तर 'त्यात काय एवढं' असंच ऐकू जातं. 'चूक पोटात घालणं' मलाही आधी सुचलं होतं. त्यात क्षमा आहे, पण चूक नजरेआड होते, आणि इथे तर ती नीट पाहायची आहे.

माझं मत 'सांभाळून घेणं' या क्रियापदाला. सोसायटीच्या गणेशोत्सवात पहिल्यांदा गाणारी मुलगी माइक हातात घेऊन म्हणते, "काही चुकलं तर सांभाळून घ्या." ती कीव मागत नाही. चूक होईल हे ती आधीच कबूल करते, ऐकणाऱ्यांवर विश्वास टाकते आणि गाणं पूर्ण म्हणते. 'सांभाळून राहा' म्हणजे सावध राहा, 'स्वतःला सांभाळा' म्हणजे तब्येतीची काळजी घ्या. 'घेणं' जोडलं की मगच चुकलेल्याला आपलं म्हणण्याचा अर्थ येतो.

बँकेतल्या गृहस्थांना थेट "स्वतःला सांभाळून घ्या" म्हटलं, तर तीही एक सूचनाच होईल. त्यापेक्षा विचारावं, "काउंटरवरच्या नव्या मुलाकडून हीच चूक झाली असती, तर त्याला सांभाळून घेतलं असतं ना?" होकार आला, की 'आणि स्वतःला?' हा प्रश्न सरळ पोचतो.

ताईंनी हे स्वतःसाठीही वापरावं, असं मला मनापासून वाटतं. एखादा क्लायंट मध्येच यायचा थांबतो, आणि समुपदेशक रात्री जुन्या नोंदी चाळत 'मी कुठे कमी पडले?' म्हणून जिवाला खात बसते. प्रश्न रास्त आहे आणि तो सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी समुपदेशकाशी होणाऱ्या चर्चेत, मांडायलाच हवा. पण 'इथे माझं चुकलं, आणि मी स्वतःला सांभाळून घेतेय' ही दोन्ही वाक्यं मराठीत एका दमात म्हणता येतात. दिवसभर दुसऱ्यांची दुःखं ऐकणाऱ्या माणसाला ती म्हणता आलीच पाहिजेत.

लेखात, अहवालात किंवा प्रशिक्षणाच्या टिपणात नाम लागतंच. तिथे 'आत्मकरुणा' खुशाल ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे चुकल्यावर, दुखावल्यावर स्वतःला सांभाळून घेणं' एवढा खुलासा त्याच ओळीत द्या.