परिमेय फलाचा आलेख कुठे तुटतो आणि कुठे नुसतं भोक पडतं, हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की (क्ष² − ४)/(क्ष − २) आणि १/(क्ष − २) या दोन्ही परिमेय फलांत (म्हणजे एका बहुपदीला दुसरीने भागून आलेल्या फलांत) क्ष = २ चालत नाही, मग पहिल्याचा आलेख सरळ रेषा आणि दुसऱ्याचे दोन तुकडे कसे? जळगावात अकरावीच्या पोरांना गणित शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न ओळखीचा आहे.

दोन्हींचं डोमेन, म्हणजे क्ष च्या चालणाऱ्या किमती, एकच: २ सोडून सगळ्या वास्तव संख्या. पण डोमेन एवढंच सांगतं की तिथे किंमत नाही. आजूबाजूला काय चाललंय ते तुम्हालाच बघावं लागतं. पहिल्यात क्ष = २.०१ टाका, ४.०१ येतं. १.९९ टाका, ३.९९ येतं. दोन्हीकडून गाडी ४ कडेच येते, म्हणून (२, ४) वर फक्त भोक. पोकळ वर्तुळ काढा. कागदावर ते काढलं नाही तर मार्क जातात आणि जायलाच हवेत. दुसऱ्यात २.०१ ला १०० येतात, १.९९ ला उणे १००. तिथे आलेख तुटणारच. क्ष = २ ही त्याची उभी अनंतस्पर्शी रेषा, म्हणजे आलेख वर-खाली दूर जाताना जिच्या जवळ जवळ जात राहतो ती रेषा.

तेव्हा आधी अवयव पाडा, डोमेन लिहून ठेवा आणि मगच काटाकाटी करा. छेद शून्य करणारा अवयव काटून झाल्यावरही छेदात उरला तर आलेख तुटतो, पुरता गेला तर भोक. ‘अंशही शून्य येतो म्हणजे भोक’ हा शॉर्टकट वापरू नका. (क्ष − २)/(क्ष − २)² मध्ये अंश शून्य होतो, तरी काटल्यावर १/(क्ष − २) उरतं.

क्ष खूप मोठा होत जाताना आलेख जिच्या जवळ जातो ती आडवी अनंतस्पर्शी रेषा. ती समजायला रावेरची केळी घ्या. समजा ट्रकचं भाडं ९००० रुपये, कापणी आणि भराईचे क्विंटलमागे १०० रुपये. क्ष क्विंटल माल भरला तर क्विंटलमागे खर्च य = १०० + ९०००/क्ष. १० क्विंटलला १००० रुपये, ९० क्विंटलला २००. कितीही माल भरा, १०० च्या जवळ जाल, पण १०० वर कधीच येणार नाही. म्हणून य = १०० ही इथली आडवी अनंतस्पर्शी रेषा. गणिताच्या वहीत इथे डोमेन क्ष ≠ ०. शेतकऱ्याच्या वहीत मात्र क्ष > ०, कारण उणे क्विंटल केळी अजून तरी कोणी पिकवलेली नाहीत. ट्रक भरला की तिथेही डोमेन संपलं. त्यामुळे शाब्दिक उदाहरणात छेद बघून थांबू नका.

याच उदाहरणावरून ‘आडवी रेषा आलेख कधीच ओलांडत नाही’ असं मात्र धरू नका. उभी रेषा ओलांडता येत नाही, आडवी येते. य = क्ष/(क्ष² + १) काढून बघा. छेद कधीच शून्य होत नाही, म्हणून डोमेन सगळ्या वास्तव संख्या. आडवी अनंतस्पर्शी रेषा य = ०, आणि आलेख आरंभबिंदूतच ती ओलांडून जातो.