हौशी रंगमंचावरचा फार्स : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गणेशोत्सव जवळ येऊ लागला की इंदूरच्या मराठी वसाहतींमध्ये संध्याकाळच्या तालमी सुरू होतात आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत नाटकाविषयीचे प्रश्न वाढतात. या वेळची बहुतेक पत्रे धावपळीच्या, वेषांतराच्या आणि गैरसमजांच्या भडक विनोदी नाटकाविषयी, म्हणजेच फार्सविषयी आहेत. म्हणून या अंकातील सदर त्या एकाच विषयासाठी राखले आहे.

प्रश्न : आमच्या मंडळाने या वर्षी दोन अंकी फार्स निवडला आहे. पहिल्या वाचनाला सगळे पोट धरून हसले, पण तालमी जसजशा पुढे गेल्या तसतशी मजा ओसरत गेली. आता नट रोज संहितेत नसलेल्या नव्या अ‍ॅडिशन घेतात, चेहरे वेडेवाकडे करतात, आवाज चढवतात. तरीही तालीम पाहायला आलेली मंडळी हसत नाहीत. फार्समध्ये अतिरंजन किती असावे आणि ते कसे आवरावे?
— एक दिग्दर्शिका, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : तालमीत हशा ओसरणे स्वाभाविक आहे, कारण पुढे काय होणार हे आता सर्वांना पाठ झाले आहे. धोका त्यानंतर सुरू होतो. हशा थांबला म्हणून नट अस्वस्थ होतो आणि संहितेत नसलेले काहीतरी करून तो परत मिळवू पाहतो. आपल्या तालमीत नेमके हेच घडत असावे.

फार्समधील नटाचे काम हसवण्याचे नसून पात्राची अडचण जीव तोडून सोडवण्याचे आहे, ही गोष्ट आपल्या कलाकारांच्या मनात पक्की बसली पाहिजे. सासऱ्यांपासून एक क्षुल्लक गोष्ट लपवण्यासाठी जावई खोटे बोलतो, ते खोटे टिकवण्यासाठी दुसरे बोलतो, दुसऱ्यासाठी मित्राला डॉक्टर बनवतो, आणि तेवढ्यात खरा डॉक्टर दारात उभा राहतो. कोणत्या दारामागे कोण लपले आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि पात्राला ठाऊक नसते. हशा या अंतरातून निर्माण होतो. नटाने डोळे मिचकावून ‘पाहा, किती गंमत आहे’ असे सुचवले, की तो स्वतःच प्रेक्षक होतो आणि ते अंतर नाहीसे होते. जावयाला खरोखर वाटले पाहिजे की आता पकडले गेलो तर संसार मोडला. भीती खरी असेल तर त्याने पलंगाखाली शिरावे, कपाटात उडी मारावी, सासूबाईंची शाल पांघरून आराम खुर्चीत बसावे. काहीही अतिरंजित ठरणार नाही. भीती खोटी असेल तर नुसती भुवई उंचावणेसुद्धा जास्त होते.

एका तालमीत प्रत्येक नटाला ठिकठिकाणी थांबवून दोन प्रश्न विचारावेत : या क्षणी तुला काय हवे आहे, आणि ते मिळाले नाही तर तुझे काय होईल? ज्या जागी उत्तर येणार नाही, त्याच जागी अ‍ॅडिशन शिरलेली आढळेल.

अ‍ॅडिशन पूर्णपणे बंद कराव्यात असे मात्र मी म्हणणार नाही, कारण हौशी नटाला तालमीत सुचलेली एखादी गोष्ट लेखकाच्या वाक्याला उठाव देऊन जाते. त्यासाठी एक तारीख ठरवावी. त्या तारखेपर्यंत जे सुचेल ते करून पाहावे, कथानक पुढे नेणारे तेवढे प्रॉम्प्टरच्या प्रतीत लिहून घ्यावे आणि त्यानंतर संहिता बंद करावी. फार्स वेळेवर उभा असतो. एकाने दाराआड जायला आणि दुसऱ्याने दुसऱ्या दारातून यायला लागणारा क्षण ठरलेला असतो, आणि मध्ये घुसलेले एक वाक्य पुढच्या चार प्रवेशांना उशीर करते. प्रयोगाच्या दिवशी ऐन वेळी घेतलेली अ‍ॅडिशन तर सहकलाकाराच्या पाठांतरावर अन्याय करणारी असते.

हशा धरणे हीसुद्धा तालमीची बाब आहे. हशा चढत असताना पुढचे वाक्य टाकले तर ते कोणालाही ऐकू जात नाही आणि प्रेक्षक पुढच्या वेळी हसायला कचरतो. हशा पूर्ण विरेपर्यंत थांबले तर नाटकाची गती पडते. तो उतरू लागला की वाक्य घ्यावे, आणि तोवर पात्राने कृतीत राहावे : किल्ली शोधत राहावी, घाम पुसत राहावा. प्रेक्षकाकडे पाहत उभे राहू नये. याचा अंदाज रिकाम्या खोलीत येत नाही, म्हणून शेवटच्या काही तालमींना दर वेळी नवी माणसे बोलवावीत. गतीबाबतही एक चूक सर्रास होते. फार्स म्हटला की नट पहिल्या वाक्यापासून धावू लागतात. पहिल्या अंकात कोण कोणाचा कोण आणि कोणी कोणती थाप मारली हे प्रेक्षकाच्या मनात स्वच्छ बसायला हवे. तेथे सावकाश, स्पष्ट बोलावे आणि वेग दुसऱ्या अंकासाठी राखून ठेवावा.

प्रश्न : आमच्या मंडळातील ज्येष्ठांचे म्हणणे आहे की फार्स हा उथळ प्रकार आहे आणि उत्सवात काहीतरी आशयघन नाटक व्हावे. त्यांना काय सांगावे?
— एक कार्यकर्ता, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : भरताच्या नाट्यशास्त्राने दशरूपकांमध्ये, म्हणजे नाटकाच्या दहा प्रकारांमध्ये, प्रहसनाला स्थान दिले आहे, हास्याला आठ रसांत बसवले आहे आणि स्मितापासून अतिहसितापर्यंत हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. विचित्र वेष आणि विसंगत अलंकार हे हास्याचे विभाव, म्हणजे हास्य जागवणारी कारणे, म्हणून तेथे नोंदलेले आहेत. एकोणिसाव्या शतकात आपल्या नाटक मंडळ्या पौराणिक खेळाच्या जोडीला फार्स करीत असत. हे सगळे आदराने सांगावे, पण त्याहून अधिक म्हणजे ज्येष्ठांना एका तालमीला बोलवावे. फार्ससाठी जितकी शिस्त लागते तितकी क्वचितच एखाद्या गंभीर नाटकाला लागते, आणि ती शिस्त डोळ्यांनी पाहिल्यावर आक्षेपाचा सूर बदलण्याची शक्यता अधिक आहे.

प्रश्न : आमच्या नाटकात एका तरुणाला नऊवारी नेसून मावशी व्हावे लागते. भूमिका करणारा मुलगा तयार आहे, पण काही भगिनींना वाटते की पुरुषाने स्त्रीवेष घालून हसे मिळवणे हा स्त्रियांचा अपमान आहे. हा आक्षेप बरोबर आहे का?
— एक वाचिका, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आक्षेप गंभीरपणे घ्यावा असा आहे, कारण असे हसे पुष्कळदा खरोखरच अपमानकारक पद्धतीने मिळवले जाते. परंतु मराठी रंगभूमीवर पुरुषाने स्त्रीवेष घेण्याच्या एकाहून अधिक परंपरा आहेत आणि त्यांतील फरक ओळखला की उत्तर सोपे होते.

संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांनी साकारलेल्या नायिका किंवा मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या स्त्रीभूमिका यांत समोर स्त्रीच आहे असे प्रेक्षकाला वाटावे हा हेतू होता, आणि तेथे हशाचा प्रश्नच नव्हता. (याच दीनानाथांची कन्या लता 1929 मध्ये आपल्या इंदुरात जन्मली, हे इंदूरकरांना वेगळे सांगायला नको.) तमाशाच्या गवळणीतील मावशी हा पुरुष आहे हे सगळ्यांना माहीत असते आणि कोणी ते लपवत नाही, ती मावशी प्रत्यक्ष कृष्णाला टोकते, त्याची फिरकी घेते, आणि हशा तिच्या हजरजबाबीपणाला मिळतो. फार्समधील वेषांतर याहून निराळे आहे. तेथे कथेतील पुरुषच अडचणीत सापडून साडी नेसतो. लंडनमध्ये 1892 साली रंगमंचावर आलेले ब्रँडन थॉमस यांचे ‘चार्लीज आंट’ आणि त्यावरून आचार्य अत्रे यांनी लिहिलेले ‘मोरूची मावशी’ यांचा सांगाडा हाच आहे : घरात वडीलधारी स्त्री असल्याशिवाय मुलींना भेटता येत नाही, म्हणून मित्राला मावशी बनवले जाते, आणि मग खरी मावशी येते. हसू येते ते त्या तरुणाच्या फजितीचे. पदर सावरता येत नाही, चालीत घाई आहे, मिशांची सवय सुटत नाही, आणि वर एक वयस्क गृहस्थ लग्नाची मागणी घालतो आहे. यात स्त्री हास्यास्पद ठरत नाही. उलट, स्त्रीला रोज काय काय सांभाळावे लागते याचा थोडा अनुभव त्या तरुणाला मिळतो.

म्हणून पाहायचे ते एवढेच की हशा कोणावर येतो आहे. अंगावर अवास्तव भराव घालणे, तो पुनःपुन्हा सरकवणे, किनरा आवाज काढून तृतीयपंथी व्यक्तींची नक्कल करणे, बोलण्यातील व्यंगावर किंवा वर्णावर वाक्ये टाकणे, या सर्व गोष्टी ठामपणे काढून टाकाव्यात. त्या काढल्याने नाटकाचे काही बिघडणार नाही, कारण कथानकाला त्यांची गरज नसते. त्या मुलाला पहिल्या आठवड्यापासून नऊवारी नेसूनच तालीम करू द्यावी. ती नीट कशी नेसावी, बसताना ओचा कसा आवरावा, पदर कसा घ्यावा हे मंडळातील एखाद्या काकूंनी किंवा आजींनी शिकवावे. नट साडी नीट सांभाळायला शिकला म्हणजेच पात्राला ती न सांभाळता येणे अचूक दाखवता येते. आक्षेप घेणाऱ्या भगिनींपैकी एकीला या कामात अवश्य सहभागी करून घ्यावे आणि जेथे तिला खटकेल तेथे तिचे ऐकावे.

प्रश्न : आमची तरुण मुले घरी मराठी बोलतात, पण शिक्षण हिंदी किंवा इंग्रजीत झाल्याने देवनागरी वाचताना अडखळत नसली तरी मराठी वाक्यांचा ठेका चुकतो. शिवाय नाटकात दादर, गिरगाव, लोकलगाडी असे उल्लेख आहेत. ते बदलावेत का?
— एक पालक, वैशालीनगर, इंदूर

उत्तर : विनोदी वाक्यात शब्दांचा क्रम फार महत्त्वाचा असतो. हशा आणणारा शब्द बहुधा शेवटी ठेवलेला असतो, आणि तो नटाने हिंदीच्या सवयीने आधी उच्चारला किंवा त्याच्यामागे ‘ना’ जोडले तरी वाक्य पडते. म्हणून पाठांतरापूर्वी आठवडाभर केवळ मोठ्याने वाचन करून घ्यावे आणि घरातील आजी-आजोबांनी समोर बसून ऐकावे. ‘येऊन राहिलो आहे’ यासारखी आपल्या माळव्यातील मराठीची वळणे सर्वच पुसून टाकावीत असे मला वाटत नाही. एखादे पात्र इंदूरचे दाखवले तर त्याच्या तोंडी ती शोभतील आणि प्रेक्षकांना आपलीशी वाटतील. मात्र सर्व पात्रे सरमिसळ बोलू लागली तर त्या पात्राचे वेगळेपण उरणार नाही.

स्थळ बदलायचे असेल तर लेखकाची संमती घेऊन ते पूर्णपणे बदलावे. गिरगावच्या चाळीत राहणारे पात्र मध्येच इंदूरच्या सराफ्यात जाऊन आले तर प्रेक्षकाचा विश्वास उडतो. घर इंदुरात आणले, की खरी मावशी मुंबईहून रात्रीच्या अवंतिका एक्स्प्रेसने निघून सकाळी येथे पोहोचणार, म्हणजे मंडळींच्या हाती एक रात्र आहे, अशी वेळेची कात्री आपोआप तयार होते. सकाळच्या पोह्यांच्या बश्या मांडलेल्या असताना दाराची घंटा वाजणे हे तर येथील प्रत्येक घराचे दृश्य आहे. स्थानिक उल्लेख असा कथेत अडकलेला असावा. केवळ टाळीसाठी राजवाड्याचे नाव घेऊ नये.

प्रश्न : आमचा रंगमंच उघड्या मांडवात आहे. नेपथ्य आणि ध्वनीसाठी काय काळजी घ्यावी?
— एक नेपथ्यकार, इंदूर

उत्तर : पैसे कमी असतील तर रंगीत पडदे आणि शोभेचे फर्निचर सोडावे, पण दारे खरी आणि भक्कम करावीत. ती बाहेरच्या बाजूला, म्हणजे विंगेकडे उघडावीत, जेणेकरून फळीआड नट झाकला जाणार नाही. फ्लॅटला, म्हणजे नेपथ्याच्या उभ्या भिंतीला, मागून तिरके टेकू द्यावेत, नाहीतर दार आपटले की सगळी भिंत हलते. तालमीच्या खोलीतही निदान चौकटी उभ्या कराव्यात. खडूच्या रेघेवरून धावण्याची सवय झालेला नट प्रयोगात कडीशी अडतो. उघड्या मांडवात रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध असतात आणि उत्सवकाळातील सवलत प्रशासन जाहीर करील त्याच दिवसांपुरती असते, म्हणून भाषणे आणि सत्कार नाटकाच्या आधी आटोपते घ्यावेत.

प्रश्न : जुन्या नाटकासाठी परवानगी लागते का?
— एक सचिव, इंदूर

उत्तर : भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो. आचार्य अत्रे 1969 मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांच्या नाटकांचे हक्क 2029 अखेरपर्यंत आहेत. मूळ इंग्रजी नाटक मुक्त झाले असले तरी मराठी रूपांतराचे हक्क वेगळे असतात. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या 52व्या कलमात हौशी संस्थेने पैसे न घेता प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला सूट आहे, पण तिकीट किंवा देणगी प्रवेशिका ठेवणार असाल, अथवा संहितेत मोठे बदल करणार असाल, तर लेखी परवानगी घ्यावी. प्रयोग विनामूल्य असला तरी लेखकाला किंवा त्याच्या वारसांना पत्र पाठवावे, लेखकाचे नाव निमंत्रणपत्रिकेवर ठळक छापावे आणि शक्य असेल तेवढे मानधन द्यावे. हे पत्र तालमी सुरू होण्यापूर्वी जावे, कारण उत्तर यायला वेळ लागतो आणि नकार आला तर दुसरी संहिता निवडायला आपल्याकडे दिवस उरले पाहिजेत.