नवऱ्याच्या नकळत भाजीत गोळी कालवली तर दारूची किळस बसेल का?

नका देऊ. ती गोळी म्हणजे डायसल्फिराम. दारू पचताना तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड तिच्यामुळं पुढं फुटत नाही, रक्तात साचतं. मग तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, बीपी खाली. जास्त पिलेला असला तर जिवावर बेततं.

आमच्या परभणीकडं मामाला असंच पिठल्यातून दिलं होतं. मोंढ्यातून पिऊन आला आन् ओसरीवरच आडवा, सदरा घामानं चिंब. मामीला वाटलं, लागू पडली! सलाईनवर वाचला. दारू नाही सुटली, मामीच्या हातचं जेवण तेवढं सुटलं.

१९४८ साली डेन्मार्कमध्ये हे औषध दारूसाठी पुढं आलं. पण ज्याला स्वतःला सोडायचीय त्यालाच, सांगून, हृदय-यकृत तपासून, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनी देतात. गोळी थांबवल्यावरही १४ दिवसांपर्यंत असर राहू शकतो. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा चालत नाही.

त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडं न्या. येत नसतील तर आधी तुम्ही एकट्या जाऊन बोला, आणि गोळी आधीच दिली असेल तर तेही लपवू नका.